सल्ला: झोईला कोणी शोधतं का?

पत्र (थोडं आखडून)

मावशी, मी अकरावीत आहे, गणित घेतलंय. दीड वर्षापासून एक कादंबरी लिहून राहिले आहे. १४३ पानं झालीत. नेवाडाच्या वाळवंटातल्या एका प्रयोगशाळेत गळती होते आणि जवळच्या गावातल्या पाच मुलांना शक्ती मिळतात. झोई अदृश्य होते. जेक राग आला की दुप्पट उंच होतो आणि बस उचलतो. मियाला काहीही लागलं तरी दुखत नाही. ईथनला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. लिओ उडतो. मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली, ‘हे सगळं आधीच होऊन गेलंय.’ इंदूरमध्ये घडवावी म्हटलं तर हसूच येतं. सराफ्यात सुपरहिरो कोण वाचेल? घरी कोणाला माहीत नाही. केमिस्ट्रीच्या रजिस्टरमध्ये मागच्या बाजूनं लिहिते. तसंही घरी मी असले काय, नसले काय. पाहुणे आले की मी चहा ठेवायला आत जाते आणि बाहेर दादाच्या पॅकेजची चर्चा चालते. नाव बदलून कुठे पाठवली तर चालेल का? की सोडूनच देऊ? बारा पानं सोबत जोडली आहेत.

— अदृश्य, सुदामानगर, इंदूर

उत्तर

अगं अदृश्य,

तुझी बारा पानं दोनदा वाचली. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. एकतीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलंय, कागद हाती आला की पेन्सिल आपोआप उचलली जाते, राग मानू नकोस. सोडायची नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्याला सोडायचं असतं तो रजिस्टरमधली पानं सुबक अक्षरात उतरवून पोस्टानं पाठवत बसत नाही.

मैत्रीण म्हणते ते खरंच आहे. सगळं होऊन गेलंय, आणि तिला वाटतं त्याच्या कितीतरी आधी. आपल्याकडे सिद्धी मोजून आठ ठरवून ठेवल्यात, अणूएवढं लहान होण्यापासून डोंगराएवढं जड होण्यापर्यंत. आणि शक्ती अंगात असलेली, गावानं वाळीत टाकलेली पोरं हवी असतील तर ती गोष्ट तुझ्या आजीला तोंडपाठ असेल. आईबाप गेलेले, चार भावंडं, संन्याशाची पोरं म्हणून दारोदार हिणवलेली. रेडा वेद म्हणतो, भिंत चालते, पाठीवर मांडे भाजले जातात. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, आणि मुक्ताई त्यांच्याहून लहान. (मी माउलींना कॉमिकमध्ये बसवत नाहीये, वाचकांनी पत्रं पाठवू नयेत.) त्या सगळ्या आख्यायिकांत मला भिंतीपेक्षा ताटी मोठी वाटते. लोक वाईट बोलले म्हणून आत जाऊन दार लावून घेतलेला भाऊ, आणि बाहेर उभी राहून दार उघड म्हणून विनवणारी धाकटी बहीण. तिथे कुठलीच सिद्धी कामाला आली नाही. हे जरा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता झोई. मला एक सांग, अदृश्य झाल्यावर तिला दिसतं कसं?

शाळेत मी दर वर्षी एक गंमत करायचे. बोरोसिलिकेट काचेची कांडी घ्यायची आणि ग्लिसरीनच्या बीकरमध्ये बुडवायची. बुडालेला भाग गायब! मुली मागच्या बाकांवरून उठून टेबलाभोवती गर्दी करायच्या, एखादी बोट घालून चाचपून बघायची, मग नळाशी जाऊन चिकट हात धूत बसायची. कांडी तिथेच असते. पण काच आणि ग्लिसरीन दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचा आकडा, जवळजवळ सारखा, १.४७ च्या आसपास, त्यामुळे प्रकाशाला वळायला काही कारणच उरत नाही. तो सरळ निघून जातो आणि आपल्याला तिथे काही नाही असं वाटतं. झोईला हवेत गायब व्हायचं तर तिच्या सगळ्या अंगाचा अपवर्तनांक हवेइतका, म्हणजे जवळपास १ व्हायला हवा. मग तिच्या डोळ्यातलं भिंग प्रकाश वळवणार नाही, चित्र जुळणार नाही. आणि जुळलं असतं तरी डोळ्यामागचा पडदा प्रकाश अडवतो म्हणून आपल्याला दिसतं. ज्यातून सगळा प्रकाश आरपार जातो त्या पडद्याला काय दिसणार? तुझी झोई ज्या क्षणी अदृश्य होते त्या क्षणी ती ठार आंधळी होते. नाहीतर दोन पडदे मागे ठेव, म्हणजे हवेत तरंगणारे दोन काळपट ठिपके. तेही वाईट नाही, पण मी असते तर आंधळी निवडली असती.

घाबरू नकोस, यानं तुझी गोष्ट मोडत नाही. उलट आत्ता कुठे ती सुरू होते. तुझ्या बारा पानांत झोई अदृश्य होऊन लॉकरचा नंबर वाचते, पत्र वाचते, शत्रूचा चेहरा बघते. म्हणजे ती दिसत नाही एवढंच, बाकी तिचं काहीच बिघडत नाही. आता तिला आंधळी करून सराफ्यात सोड. रात्रीचे दहा, सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागल्यात. तुपात पडलेल्या जलेब्याचा वास आला म्हणजे ती कुठे आहे, किसलेल्या मक्याचा भुट्टे का कीस हलवतात तो वास कुठल्या बाजूला, थंडीत गराडूचा कंद तळतात त्याचं तेल कुठे तडतडतं, हे तुला डोळे मिटून सांगता येईल की नाही? मला येईल. त्या गर्दीत अदृश्य माणसाला वाट कोण देणार? धक्के बसतील, पायावर पाय पडतील, कोणीतरी ‘ओ भिया, देख के’ म्हणून ओरडेल आणि समोर कोणीच नसेल. आता हसू येतं का बघ. नेवाडात हे घडवायला तुला नेवाडाचा वास माहीत हवा.

मी चौदा वर्षांची असताना हेरकथा लिहायचे, रामबागेतल्या आमच्या वाड्यात धान्याच्या कोठीमागे बसून. सगळी माणसं लंडनची, सगळे ओव्हरकोटात. आजीला वही सापडली. तिनं ओसरीवर बसून चष्मा लावून पूर्ण वाचली. मी खांबाआड. शेवटी म्हणाली, ‘गं, तुझ्या गोष्टीत कोणी जेवत कसं नाही?’ तुझ्या पानांत झोई जेवते खरी, पण तीनदा पॅनकेकच खाते. तू शेवटचा पॅनकेक कधी खाल्लास? पोहे वाफेवर कसे राहतात, वरून शेव आणि जीरावन पडल्यावर पहिला ठसका कोणाला लागतो, हे तुला माहीत आहे. ते टाकून तू दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं कशाला घेतेस?

आणि रंगपंचमीची गेर तू चक्क विसरलीस! राजवाड्यासमोर टँकरमधून रंगाच्या पाण्याचे फवारे, वरून गुलालाचे ढग, बोट शिरायला जागा नाही. त्या गर्दीत एक अदृश्य मुलगी उभी कर. गुलाल तिच्यावर बसणार की नाही? आधी केस दिसतील, मग खांदे, मग एक हात, लाल-हिरव्या धुळीची एक पोकळ मुलगी. अख्खं इंदूर तिथे असताना ती दिसायला लागते. हा प्रसंग जगात दुसऱ्या कुठल्या गावात असा बसणार नाही. मला लिहिता आला असता तर तुला सांगितलाच नसता.

बाकीच्यांचं भराभर. लिओला काढून टाक. तो उडतो यापलीकडे बारा पानांत त्याच्याबद्दल काही नाही, आणि तुलाही तो फारसा आवडत नाही हे कळतं.

जेक दुप्पट उंच झाला तर स्नायूंची जाडी दोन दिशांनी वाढते, म्हणून ताकद चौपट. वजन तिन्ही दिशांनी, म्हणून आठपट. म्हणजे आपल्याच वजनाच्या हिशेबात तो निम्मा दुबळा झाला, बस उचलणं राहू दे, जिना चढताना गुडघे धरेल. (अकरावीचं गणित सोडू नकोस ते यासाठी.) त्यापेक्षा त्याला घट्ट हाडं दे. ही कल्पना नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एका कुटुंबाबद्दल छापून आलं होतं, एका जनुकातल्या बदलामुळे त्यांची हाडं विलक्षण दाट होती. तक्रार काय, तर पोहताना तरंगता येत नाही. जेकला महेश्वरच्या घाटावर ने. सगळी मुलं नर्मदेत उड्या मारताहेत आणि आपला पहिलवान पायरीवर बसून चपला सांभाळतोय. का, ते कोणाला सांगत नाहीये.

मियाच्या बाबतीत मात्र हळू. न दुखणं तू मजेत लिहिलं आहेस, ती काचेवरून चालते आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत अशी मुलं तपासली. वेदना मेंदूपर्यंत नेणारी एक व्यवस्था एससीएन९ए नावाच्या जनुकात दोष असल्यानं बंद. त्यांच्या ओठांना, जिभेला जखमा होत्या, लहानपणी स्वतःच चावून केलेल्या. हाडं मोडलेली नंतर कळायची. त्यांचा शोध ज्याच्यामुळे सुरू झाला तो मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, हातात सुऱ्या खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा, लोक पैसे टाकायचे. चौदावा वाढदिवस यायच्या आत तो छपरावरून उडी मारून गेला. मिया काचेवरून चालून आली की टाळ्या थांबल्यावर तिचे तळवे कोण धुतं, कोण एकेक काच चिमट्यानं काढतं, ते लिही. मी ते पान आधी वाचेन.

आता गळती. इथे मी थोडी कडक बोलणार आहे. आपण मध्य प्रदेशातले. कारखान्यातून काही गळलं की माणसांना काय मिळतं हे आपल्याला कोणी सांगायला नको. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे गळलं त्यानं कोणाला उडता आलं नाही. फुप्फुसं गेली, डोळे गेले. त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, कंटेनरमधून पिथमपूरला आणला, तुझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले होते. तू तेव्हा शाळेत असशील, टीव्हीवर पाहिलंही असशील. आता ‘गळती झाली आणि मुलांना शक्ती मिळाल्या’ हे वाक्य परत वाच. नेवाडात ते खपून जातं, इथे बसून मला ते लिहवणार नाही.

प्रयोगशाळा हवीच असेल तर राजेंद्रनगरपलीकडे कॅट आहे की. आता नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पण रिक्षावाल्याला कॅटच सांगावं लागतं. तिथे इंडस-२ नावाचं सुमारे १७२ मीटर घेराचं एक कडं आहे, त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात. वळताना ते प्रकाश टाकतात, क्ष-किरणांपर्यंतचा, आणि त्या प्रकाशात शास्त्रज्ञ डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी बघतात. गळती नको, स्फोट नको. एवढंच बघ की क्ष-किरणांना आपण सगळेच अर्धे अदृश्य असतो, मांस आरपार आणि हाडं दिसतात. मग साध्या प्रकाशाला न दिसणारी झोई दुसऱ्या एखाद्या प्रकाशात दिसू शकेल का? दिसू शकेल. म्हणजे तिला बघू शकणारं कोणीतरी याच शहरात, रात्रपाळीला, डबा उघडून बसलेलं असू शकतं.

शक्ती आली कुठून, याचं उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत काचेसारखे बेडूक असतात. ते झोपले की रक्तातल्या जवळजवळ ९० टक्के तांबड्या पेशी यकृतात लपवतात आणि अंग पारदर्शक होतं. जागे झाले की रक्त परत फिरतं आणि ते दिसायला लागतात. हे २०२२ मध्ये कळलं. झोईचं असंच काही असेल, तर गायब होताना तिचे हातपाय गार पडतील, डोकं हलकं होईल, फार वेळ टिकवता येणार नाही. घरचे म्हणतील पोरीला अशक्तपणा आहे, बीट खाऊ घाला.

ईथनसाठी एकच प्रश्न. त्याला मनातलं ऐकू येतं ते कुठल्या भाषेत? आमची आई हिशेब हिंदीत करायची, देवाशी मराठीत बोलायची आणि रागवायची दोन्हीत. इंदूरच्या मराठी घरात मन कान लावून ऐकण्यासारखं असतं. दूधवाल्याच्या मनातली मालवी त्याला अर्धीच कळेल आणि त्यातूनच घोटाळा होईल. तुझ्या पत्रातलं ‘लिहून राहिले आहे’ मी मुद्दाम तसंच छापायला दिलंय. पुण्याचा एखादा संपादक त्याखाली लाल रेघ ओढेल. ओढू दे. तुझी मुलं घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलतील, तशीच ती लिही. कंसात अर्थ देत बसू नकोस.

नाव बदलून पाठवायचं विचारलंस. खुशाल बदल. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. शास्त्रज्ञ म्हणून नाव झालेलं होतं, ते बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. ते नावापुरते अदृश्य झाले, गोष्टीत नाही. तू मात्र नाव, गाव, जेवण, भाषा, आजी, सगळंच लपवलंस आणि वर नायिकाही अदृश्य घेतलीस. इतकं लपायला काय झालं, हे मी विचारणार नाही. पत्रातली चहाची ओळ मी वाचली आहे.

कारण पेन्सिलीनं एक गोष्ट मी मोजली. बारा पानांत झोई नऊ वेळा अदृश्य होते. नऊ वेळांत एकदाही कोणी ‘झोई कुठे गेली?’ असं विचारत नाही. आई नाही, मित्र नाहीत, शत्रूसुद्धा नाही. हे तुझ्या लक्षात आलं होतं का? मला वाटतं नसावं. जेकची बस, लिओचं उडणं, गळती, हे सगळं दुरुस्त झालं तरी ही जागा तशीच राहील. ताटी लावून घेणं तुला छान जमलंय. बाहेर कोण उभं राहतं, ते तुझ्या वहीत कुठेच नाही.

आईबाबांना इतक्यात दाखवू नकोस, पण रजिस्टर बदल. केमिस्ट्रीची वही सहामाहीला कोणीतरी उघडणारच, आणि तुझी कादंबरी घरी पहिल्यांदा वाचली जाणार ती मोलॅरिटीच्या उदाहरणांमागे, हे मला पटत नाही. साधी दोनशे पानी वही घे. घरात आजी असेल तर तिला एखादा तुकडा वाचून दाखव, डोळे अधू असतील तर फारच छान. तिची टीका मनाला लावून घेऊ नकोस, लिहून ठेव.

मला तीन पानं पाठव, जास्त नकोत. तुझंच घर, सुदामानगर, संध्याकाळ, बाहेर पाहुणे. मुलगी स्वयंपाकघरात आहे, गॅसवर चहा आहे, आणि तिथे ती पहिल्यांदा नाहीशी होते. तिला दिसत नाहीये. आलं किसलेला वास, भांड्याचा आवाज, बोटं गार. चहा वर यायला लागतो आणि तिला गॅसचं बटण सापडत नाही. चहा उतू जातो. बाहेरून कोणीतरी उठून आत येतं. कोण, ते मला माहीत नाही. दादा असला तरी चालेल.

आणि पानांना पिन मार. या वेळी सातवं पान दोनदा आलंय आणि आठवं आलंच नाही.

— मावशी